ओळ क्रमांक एकशे बारा

कुपवाडच्या शेडमध्ये एकोणीस रिक्षा उभ्या आहेत,
हिरव्या, बिननंबरी,
सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.
सगळं आलंय. फक्त ओळ क्रमांक एकशे बारा नाही:
रबरी ग्रोमेट, चौदा एमएम, गाडीमागे नग चार.
दर दोन रुपये दहा पैसे.

मी स्टोअर्स बघते.
म्हणजे साहेब गाडी बघतात, मी तिला सुटी सुटी बघते.
साहेब फळ्यावर सप्लाय चेन काढतात, बाण सगळे सरळ.
माझ्या वहीत
चासी माधवनगर रोडवरनं येते, वेल्डिंगचा वास घेऊन.
सीट मिरजेच्या शमशाद मुजावरांच्या;
रेक्झिन ताणताना त्या खालचा ओठ दातांत धरतात.
हार्नेस बुधगावच्या सात बायका विणतात
खिळ्यांच्या फळीवर, लाल, काळी, पिवळी तार,
आणि एखादीचं पोर तापलेलं असलं
की त्या दिवसाच्या गाड्यांत
डावं दाबलं की उजवं लागतं.
हे ड्रॉइंगमध्ये नसतं.
मी समासात पेन्सिलनं लिहून ठेवते.

सेल समुद्रापलीकडून.
पेटी फोडताना नामदेव म्हणाला,
"ताई, यावरचं काहीच वाचता येईना."
"मोजता येतंय न्हवं? मोज."

ग्रोमेट पुण्याहून यायचा.
पुणेवाले म्हणाले, कमीत कमी दहा हजार घ्या.
फोन ठेवला. डबा उघडला. तसाच बंद केला.
मग सुचलं:
द्राक्षाच्या फवारणी पंपाचे वायसर कोण करतं?
कुणीतरी करतंच. औषध गळलं तर घड कोण वाचवणार?

तासगावात, गिरणीच्या मागं, एक हातप्रेस
आणि चौगुले नावाचा अबोल माणूस.
नमुना त्यानं उजेडात धरला, मग दाढेखाली.
"साठची कडकी."
"कशावरून?"
"दातावरून."
पहिला लॉट बाद. हौदात बुडवलेल्या डब्यात पाणी शिरलं.
त्यानं पैसे घेतले नाहीत, चहाही घेतला नाही.
दुसरा लॉट गुरुवारी आला, गुळाच्या खोक्यात.
पाणी शिरलं नाही.
मी ओळ एकशे बारावर बरोबरची खूण केली
आणि उगाचच दोनदा केली.

शनिवारी तवनाप्पा मगदूम आले.
एकतीस वर्षं त्यांच्या भट्टीत सिलिंडरचे स्लीव्ह ओतले जातात.
म्हणाले, यादी दाखव.
दीडशे ओळी बोट ठेवून वाचल्या,
चष्मा पुसून पुन्हा वरनं.
मला माहीत होतं ते काय शोधतायत.
मी पाणी आणायला गेले, जरा जास्तच वेळ गेले.

"इंजान कुठंय ह्यात?"
"नाही, काका."
"आईलनं काळं व्हायचं कुठं मग माणसानं?"
हसले. मीही. हसणं लवकर संपलं.
एका रिक्षाच्या पत्र्यावर त्यांनी तळहात ठेवला,
तापल्या कपाळावर ठेवतात तसा.
"चालू कर की."
"चालूच आहे."
हात तिथंच राहिला,
थरथर सापडेपर्यंत थांबणार असल्यासारखा.
बाहेर हळदीचं पोतं लादलेला टेंपो गेला,
त्याचा आवाज शेडभर झाला, आणि विरला.

मग खाली वाकले. चाकाजवळ, गुडघा जमिनीला टेकवून.
"हा ड्रम कुणाचा?"
"राजकोटचा."
"बिडाचाच हाय की."
टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली.
"किती दिवस लागतात यायला?"
"अकरा. कधी वीस."
काहीच बोलले नाहीत.
रॅकवरचा एक सुटा ड्रम काखेत मारला
आणि गेटकडे चालू लागले,
ना चलन, ना सही.
वॉचमननं माझ्याकडं पाहिलं.
मी रजिस्टरमध्ये पाहिलं.

समासात, पेन्सिलनं:
ब्रेक ड्रम, नग एक, तवनाप्पांकडे.
परत येणे बाकी.